ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

(साताऱ्यात आणि नंतर सांगलीत तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आधी एक प्रश्न विचारतो. आज इथे एसटीने कोण कोण आलं? हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांनी तिकिटाचे पैसे मोबाइलवरून दिले त्यांनीच हात वर ठेवा. हं. बघा, मुलांचे हात अजून वर आहेत. मुलींचे बरेचसे खाली आले. मला आज ज्यावर बोलायचं आहे, ते तुम्हीच हात वर-खाली करून सांगून टाकलंत.

विषय आहे प्रवासाचं स्मार्ट कार्ड. खिशात नोट नको, सुट्ट्यांची कटकट नको. एकच कार्ड, ते बसमध्ये चालेल, मेट्रोत चालेल, पुढेमागे रेल्वेतही चालेल. कल्पना चांगली आहे आणि मी तिच्या विरोधात उभा नाही, हे आधीच सांगतो. पण कार्ड कुणाच्या हातात राहणार, हा प्रश्न मला पडतो. तो माझ्या खालामुळे पडला.

माझी खाला तासगावला राहते. वय सत्तरीच्या पुढे. साखरेचा आजार आहे, त्यामुळे मिरजेच्या दवाखान्यात फेऱ्या असतात. तासगावहून एसटीने सांगली, सांगलीहून दुसऱ्या बसने मिरज. काही वर्षांपूर्वी ज्येष्ठांच्या सवलतीसाठी कार्ड काढायला मी तिला एका केंद्रावर घेऊन गेलो. तिथल्या मशीनला तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासली, विड्या वळल्या, रेषा राहिल्यात कुठे? मग तिथला मुलगा म्हणाला, "आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी पाठवतो." नंबर होता माझ्या मावसभावाचा, आणि भाऊ होता कुवेतमध्ये. ते सिम बंद होऊन दोन वर्षं झाली होती. खाला मला म्हणाली, "बेटा, दवाखान्यात मला जायचंय. परवानगी कुवेतहून कशाला आणायची?"

कार्ड झालं नाही. पुढे २०२३ साल आलं. १७ मार्चपासून राज्य सरकारने एसटीत सगळ्या महिलांना निम्मं भाडं केलं. खाला बसमध्ये चढली, कंडक्टरने एवढंच विचारलं, "आजी, कुठं?" ती म्हणाली, "सांगली." अर्धं तिकीट हातात पडलं. ना ठसा, ना ओटीपी, ना भाचा बरोबर. त्या महिन्यात ती एकटीच मिरजेला जाऊन आली आणि मला संध्याकाळी फोनवर कळलं. सवलत कशी असावी हे मला त्या दिवशी समजलं.

थोडं मागे जाऊ. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून ही गाडी रोखीवर चालली. कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे, खट्‌ करून छिद्र पाडणारा पंच आणि खांद्याला पैशांची बॅग. पुढे हातातलं मशीन आलं. आता नव्या मशीनवर क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि सुट्ट्या पैशांवरून बसमध्ये भांडणं सुरू झाली, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा मोबाइल काढला. म्हणजे रोकड नको ही गरज काही वरून लादलेली नाही. कंडक्टरलाही हिशोब सोपा, प्रवाशालाही सोपं, गर्दीत पाकीट मारलं जाण्याची भीती कमी.

मग क्यूआर असताना कार्ड कशाला? यातलं तंत्र समजून घ्या, कारण कार्डाची खरी ताकद तिथे आहे. यूपीआयला त्या क्षणी रेंज लागते. पाटणच्या पुढे कोयनेच्या खोऱ्यात किंवा एखाद्या घाटात गाडी असेल आणि रेंज गेली, तर पैसे अडकतात. ४ मार्च २०१९ ला देशात 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' सुरू झालं. त्यात थोडे पैसे कार्डाच्या चिपमध्येच साठवलेले असतात. मशीनला कार्ड टेकवलं की रक्कम तिथल्या तिथे वजा होते, बँकेला विचारत बसावं लागत नाही. डोंगरातल्या गाडीसाठी हे यूपीआयपेक्षा चांगलं आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, यात लोक फसतात. घरी बसून ॲपवरून कार्डात पैसे भरले, तरी ते लगेच चिपमध्ये जातात असं नाही. कार्ड एखाद्या मशीनला टेकवून ती रक्कम चिपवर चढवून घ्यावी लागते. अम्मीच्या कार्डात तुम्ही पुण्यातून दोनशे रुपये भराल आणि बसमध्ये मशीन म्हणेल, शिल्लक नाही. मग कंडक्टरची बोलणी अम्मीने खायची.

आता 'एकत्रित प्रवास' या शब्दाकडे येऊ. हा शब्द कार्डाला चिकटून येतो, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. सातारकरांनो, तुम्ही मुंबईहून कोयना एक्स्प्रेसने येता. साताऱ्याचं स्टेशन माहुलीच्या बाजूला, गाव राहिलं लांब. सामान घेऊन बाहेर आलात की रिक्षावाल्याशी घासाघीस. आता समजा तुमच्या हातात देशातलं सगळ्यात हुशार कार्ड आहे. गाडी आल्यावर स्टेशनबाहेर एसटी उभीच नसेल, तर ते कार्ड टेकवणार कशाला? शेवटी वडापवालाच कामाला येतो. का? कारण तो थांबतो, आणि दारापर्यंत सोडतो. त्याच्याकडे कार्डाचं मशीन नसतं, पण प्रवासी कधी येतो हे त्याला माहीत असतं.

सांगलीकरांचं बघा. सांगली आणि मिरजेतली शहर बससेवा एसटीच चालवते. तासगावची गाडीही एसटीची. म्हणजे मालक एक, कंडक्टरचा गणवेश एक. तरी खाला सांगलीत उतरली की मिरजेसाठी नवं तिकीट, आणि भाडं पुन्हा पहिल्या टप्प्यापासून. दोन वेगळ्या कंपन्या असत्या तर अडचण समजली असती. इथे एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत आणि मधल्या दाराला कुलूप आहे.

हे कुलूप चिपशिवायही उघडता येतं. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास तुमच्या वडिलांना विचारा. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा एक पास, वाटेल तिथे चढा, वाटेल तिथे उतरा. चिपचं नावही नव्हतं तेव्हापासून हा पास आहे. दुसरीकडे लंडनचं उदाहरण घ्या. तिथलं ऑयस्टर कार्ड २००३ मध्ये आलं. पण बस बदलली तरी तासाभरात दुसऱ्या बसचं भाडं लागणार नाही, हा निर्णय २०१६ मध्ये झाला. कार्ड आधीच होतं, गरिबाचा फायदा तेरा वर्षांनी झाला, कारण त्याला निर्णय लागतो. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' ॲप आलं, ११ सेवांची तिकिटं एका जागी. चांगलं झालं. पण आपल्याला मुंबईची नक्कल नको. आपल्याला तासगाव ते मिरज एक तिकीट हवं आणि साताऱ्याच्या स्टेशनबाहेर गाडीच्या वेळेला बस हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. साधं कार्ड आणि सवलतीचं कार्ड यांत मोठा फरक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त प्रवासासाठीची कार्डं केवायसीशिवाय द्यायला परवानगी दिली. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ३,००० रुपये राहू शकतात. त्यातले पैसे रोख परत मिळत नाहीत, पण नाव-गाव सांगायची गरज नाही. जो धरेल त्याचं कार्ड, नोटेसारखं. सवलतीच्या कार्डाला मात्र नाव लागतं, वय लागतं, पत्ता लागतो, फोटो लागतो. तिथून आधार, मग फोन नंबर, मग ओटीपी. आणि ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

आपापल्या घरात डोकावून बघा. अम्मीच्या आधारला कुणाचा नंबर आहे? अब्बांचा? भाईजानचा? बहिणीच्या बँक खात्याला कुणाचा नंबर आहे? आपल्या कितीतरी घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. हे फक्त मुसलमानांच्या घरात आहे असं नाही, शेजारच्या आळीतही हेच आहे. पण आपल्या घरात आहे, ते आपण बोललं पाहिजे.

रोख पैशांची बाई कुणाला विचारत नाही. पदराच्या गाठीतून, बुरख्याच्या खिशातून वीस रुपये काढते आणि जाते. कार्डात पैसे भरायला तिला मुलाला सांगावं लागलं, की मुलगा विचारणार, "कुठे चाललीस?" भावाच्या फोनमधल्या ॲपवर कार्ड जोडलेलं असलं, की कॉलेजची मुलगी किती वाजता कोणत्या थांब्यावर चढली आणि कुठे उतरली, हे घरबसल्या दिसणार. जी यादी सरकारकडे जाईल म्हणून आपण घाबरतो, ती यादी आधी आपल्याच दिवाणखान्यात उघडणार आहे. आणि सरकारकडे, कंपनीकडेही जाणार आहेच. नाव बघून वागणूक बदलते हा अनुभव इथल्या काहींच्या गाठीला आहे. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्या प्रवासाची नोंद कोण ठेवतं, किती दिवस ठेवतं, हे विचारणं हा हक्क आहे. त्यात देशद्रोह नाही.

दोन शेजारी उदाहरणं सांगतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजना आहे. राज्यातल्या बायका साध्या बसमध्ये फुकट जातात. ओळखपत्र दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. अथणी-चिक्कोडीकडून मिरजेला येणाऱ्या बायकांना विचारा. म्हणजे स्मार्ट कार्ड हातात नसतानाही एवढी मोठी योजना चालते. दुसरीकडे दिल्ली. तिथे २०१९ पासून बसमध्ये चढणाऱ्या कुठल्याही बाईला गुलाबी तिकीट मिळायचं. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की त्याऐवजी कार्ड येणार आणि ते दिल्लीच्या रहिवासी महिलांनाच मिळणार. बिहारहून आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, पत्त्याचा कागद नसलेली बाई आपोआप बाहेर. कार्ड हे दार असतं तशी चाळणीही असते. आपल्याकडे ऊसतोडीला आलेली, वीटभट्टीवर राहणारी बाई त्या चाळणीत पहिली अडकेल. ती कोणत्या धर्माची, हे मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

मग करायचं काय? निषेध करून घरी जायचं का? नाही. चार मागण्या आहेत, त्या घेऊन आपापल्या आगारात आगारप्रमुखांकडे जा. लेखी द्या, पोच घ्या.

पहिली, कार्ड असो वा नसो, कंडक्टरने रोख पैसे घेणं बंद होता कामा नये. दुसरी, महिलांचं अर्धं तिकीट नुसतं विचारल्यावर मिळावं, कार्ड नाही म्हणून पूर्ण भाडं आकारू नये. तिसरी, कार्डात पैसे भरण्याची सोय बसस्थानकाच्या खिडकीवर, रोखीने, ओटीपीशिवाय असावी. लंडनने ६ जुलै २०१४ ला बसमधली रोकड बंद केली, पण कार्डात पैसे भरायला कोपऱ्यावरची दुकानं होती, आणि शिल्लक कमी पडली तरी एक फेरी करू द्यायची सोय होती. रात्री शेवटच्या गाडीत बाईला खाली उतरवू नये, एवढा विचार त्यांनी केला. आपल्याकडे तो आधीच व्हावा. चौथी, गाडी बदलली तर भाडं नव्याने सुरू होऊ नये. सांगली-मिरज इथून सुरुवात करा.

आणि एक काम आगारात नाही, घरात करायचं आहे. या आठवड्यात आपल्या अम्मीला, बहिणीला, खालाला घेऊन आधार केंद्रावर जा आणि त्यांच्या आधारला त्यांचा स्वतःचा नंबर जोडा. साधा बटणांचा फोन चालतो, ओटीपी त्यावरही येतो. तो आकडा वाचायला त्यांना शिकवा. आणि शिकवून झालं की फोन त्यांच्याच हातात राहू द्या.

साताऱ्यातल्या बैठकीत एका मुलाने मला विचारलं, "सर, एवढ्याशा कार्डासाठी एवढं भाषण?" मी त्याला विचारलं, तुझ्या अम्मीने गेल्या महिन्यात एकटीने कुठे प्रवास केला? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "विचारावं लागेल."

विचारा. आज घरी गेल्यावर विचारा.