दुकान बंद झाल्यानंतरचा वेळ



व्यापारी माणसाला वेळेचा हिशेब शिकवावा लागत नाही. दुकान उघडण्याची वेळ, उधारीची मुदत, लग्नसराईचा हंगाम, दिवाळीचे वहीपूजन यांनी त्याचे वर्ष बांधलेले असते. परंतु ज्या वेळेचे बिल फाडता येत नाही, त्या वेळेचे काय करावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. चाळीस वर्षे पेढीवर बसलेला गृहस्थ एके दिवशी किल्ल्या मुलाच्या हाती देतो, पहिले आठ दिवस सुखाने झोपतो आणि नवव्या दिवशी सकाळी पुन्हा दुकानात येऊन बसतो. तेथे त्याची आता गरज नसते आणि घरी त्याला चैन पडत नाही. मुलाला संकोच वाटतो, नोकरांना कोणाचे ऐकावे ते कळत नाही, आणि त्या गृहस्थाला आपण अडगळ झाल्याचे दुःख होते. फावल्या वेळेचा प्रश्न असा थेट घराच्या सुखाशी येऊन भिडतो. म्हणूनच तो वेळ बुद्धीला चालना देण्यासाठी वापरावा की विश्रांतीसाठी, याचा विचार किल्ल्या हातात असतानाच व्हावयास हवा.

या विचाराला एका कापड व्यापाऱ्याचेच चरित्र उपयोगी पडेल. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी १६३२ साली अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक यांचा जन्म झाला. वडील टोपल्या विणणारे. ते मुलाच्या लहानपणीच वारले. सोळाव्या वर्षी मुलाला ॲमस्टरडॅमच्या एका कापड दुकानात उमेदवारीसाठी पाठविण्यात आले. १६५४ साली गावी परतून त्याने लग्न केले आणि स्वतःचे दुकान थाटले. महाविद्यालयाचे तोंड त्याने पाहिले नाही. विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. पुढे नगरपालिकेत सभागृहाची देखरेख करण्याचे एक काम त्यांना मिळाले, त्यामुळे मिळकतीला स्थैर्य आले आणि हाताशी थोडा मोकळा वेळ राहू लागला. संसार मात्र सुखाचा नव्हता. पाच अपत्यांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली, आणि १६६६ साली पत्नीही गेली.

कापडाचा पोत व सुतांची दाटी पाहण्यासाठी भिंग वापरण्याची रीत त्या काळच्या व्यापाऱ्यांत होती. ल्युवेनहॉक यांची भिंगाशी पहिली ओळख तेथेच झाली असावी, असे मानले जाते. दुकानातले भिंग दुकानात ठेवून सर्वजण घरी जातात; या गृहस्थांनी ते मनाने घरी नेले. फावल्या वेळात ते स्वतः भिंगे तयार करू लागले. आयुष्यभरात त्यांनी पाचशेहून अधिक भिंगे बनविली. मधमाशीची नांगी, तळ्याचे हिरवट पाणी, मिरे भिजत घातलेले पाणी, स्वतःच्या दातांवरचे कीटण, जे दिसेल ते त्यांनी त्या भिंगाखाली धरले. १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला ते आपल्या साध्या डच भाषेत पत्रे लिहू लागले. १६७६ च्या पत्रात त्यांनी पाण्याच्या थेंबात वावरणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांचे वर्णन केले, तेव्हा विद्वानांना ते खरे वाटेना. त्यांनी गावातील प्रतिष्ठित माणसांच्या लेखी साक्षी पाठविल्या. अखेर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः प्रयोग करून ते जीव पाहिले, आणि १६८० साली या दुकानदाराला रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. वयाच्या नव्वदाव्या वर्षी, १७२३ साली, त्यांचे निधन झाले. शेवटच्या दिवसांपर्यंत त्यांचे निरीक्षण चालूच होते.

असेच एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९३० ते १९६२ या काळात देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. अंकांशी खेळणे हा त्यांचा फावल्या वेळेचा छंद. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ येतात. ८७३० मधून ०३७८ वजा जाऊन ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ वजा जाऊन ६१७४. यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येतात. कोणत्याही संख्येला येथे पोहोचावयास सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. १९४९ साली मांडलेला हा आकडा आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. त्यांच्या दुसऱ्या एका संख्याप्रकाराला डेम्लो असे नाव आहे, आणि ते डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून घेतलेले आहे, कारण ती कल्पना त्यांना तेथे सुचली. स्थानकावरचा वेळ सर्वांच्याच वाट्याला येतो. अनेक विद्वानांनी त्यांच्या गणिताकडे दुर्लक्ष केले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या एका विख्यात मासिकात त्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव सर्वत्र झाले. त्या वेळी ते सत्तरीत होते.

आता कोणी म्हणेल की, दिवसभर राबलेल्या माणसाने पुन्हा डोक्याला शीण का द्यावा? हा आक्षेप रास्त आहे. विश्रांती ही शरीराची व मनाची खरी गरज आहे, आणि गाढ झोपेत मेंदू दिवसभरच्या अनुभवांची मांडामांड करून स्मृती पक्की करतो, हे विज्ञानाने दाखविले आहे. मात्र थकवा कशाचा आहे, हे आधी ओळखले पाहिजे. ज्या हमालाने दिवसभर गठ्ठे वाहिले, त्याला अंग टाकल्यावाचून गत्यंतर नाही. जो दिवसभर गादीवर बसून भावतावाची चिंता वाहतो, त्याचे शरीर थकलेले नसते. त्याला चार पावले मोकळ्या हवेत चालणे हीच विश्रांती. आणि ज्याला एकाच कामाचा कंटाळा आला आहे, त्याला झोपेपेक्षा वेगळ्या कामाने अधिक टवटवी येते. तराजूची दोन पारडी एकमेकांची शत्रू नसतात. वजन कोठे कमी पडले, ते पाहून भर घालावयाची असते.

यांपैकी कोणत्याच पारड्यात न बसणारा वेळही असतो. दूरदर्शन संचासमोर किंवा हातातील मोबाईलसमोर तीन तास गेल्यावर माणूस ताजातवाना होत नाही आणि त्याच्या ज्ञानातही भर पडत नाही. असा वेळ खातेवहीत कोणत्याच खात्यावर पडत नाही, तो नुसताच गळतो.

वृद्धांच्या दृष्टीने एका अभ्यासाचा उल्लेख येथे उचित ठरेल. न्यूयॉर्क येथे पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचन, पट मांडून खेळावयाचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. छंदामुळेच रोग टळला, असे त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्यांची बुद्धी शाबूत होती, तेच छंदात टिकले असेही असू शकेल. तरीही या व्यवहारात तोटा काही नाही, हे कोणाही व्यापाऱ्याला पटेल.

मग आरंभ कोठून करावा? ल्युवेनहॉक यांनी भिंग पैलतीरावरून आणले नव्हते, ते त्यांच्या धंद्यातच होते. कापड विकणाऱ्याने जुन्या विणकामाचे नमुने जमवावेत. किराणा व्यापाऱ्याने मसाल्याच्या झाडांची माहिती मिळवावी. अनेक जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी लिपीतील वह्या व कागद धूळ खात पडले आहेत आणि ते वाचणारे फार थोडे उरले आहेत. साठीनंतर मोडी शिकून कोणी आपल्या आजोबांची एक वही वाचली, तरी त्या घराला त्याचा इतिहास परत मिळेल. गृहिणींच्या फावल्या वेळेचाही विचार व्हावा. त्यांच्या कामाला निवृत्ती नसते. त्यांना वेळ मिळावा म्हणून घरातील इतरांनी थोडे काम उचलले पाहिजे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. छंदाचे दुसरे दुकान होऊ देऊ नये. त्यात स्पर्धा आणि नफातोटा शिरला की फावला वेळ फावला राहत नाही. दुसरे असे की, मिळालेले इतरांना द्यावे. ल्युवेनहॉक यांनी आपली उत्तम भिंगे करण्याची युक्ती कोणालाही सांगितली नाही. तीनशे वर्षे त्याविषयी तर्क चालले. २०२१ साली हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या एका शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाची न्यूट्रॉन किरणांनी तपासणी केली, तेव्हा ते भिंग काच वितळवून केलेली एक लहानशी गोळी आहे, हे उघड झाले. युक्ती अगदी साधी होती. जवळच्या चार मुलांना ती शिकविली असती, तर त्या विद्येची पेढी त्यांच्यामागेही चालू राहिली असती.

म्हणून किल्ल्या देण्याचा दिवस येण्याच्या पाच वर्षे आधीच रोजची एक घटका स्वतःच्या आवडीसाठी राखून ठेवावी आणि घरातील एका मुलाला किंवा नातवंडाला शेजारी बसवावे. मग नवव्या दिवशी सकाळी दुकानाकडे पाय वळणार नाहीत, आणि वळले तरी एखादी नवी गोष्ट सांगण्यासाठी वळतील.