परतीच्या वाटेवरचा मासा

नोव्हेंबर लागला कीं अमेरिकेंत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पहांटेच गळ टाकणारे हौशी लोक जमतात. थंडगार लाटांत उभे राहून ते ‘स्ट्राइप्ड बास’ या पट्टेदार माशाची वाट पाहतात. हा मासा वसंतांत चेसापीक उपसागराच्या व हडसन नदीच्या गोड्या पाण्यांत अंडीं घालून उत्तरेस जातो आणि हिंवाळ्याच्या तोंडावर, लहान माशांच्या थव्यांमागोमाग, दक्षिणेस परततो.

आम्हां शिक्षकांना तो आदरणीय वाटावा. १६७० सालीं प्लिमथ वसाहतीनें केप कॉड येथील बास वगैरे माशांचें उत्पन्न मोफत शाळेसाठीं लावून दिलें होतें! पुढें बेसुमार मासेमारीनें तो इतका घटला कीं १९८५ सालीं मेरीलँडनें त्याची मासेमारी साफ बंद केली. १९९५ पर्यंत तो सांवरला. पण पुन्हां घटला. म्हणून २०२३ सालीं समुद्रावर २८ ते ३१ इंचांचाच मासा ठेवावा, असा नियम झाला. फार मोठे मासे बहुधा माद्या असतात व अंडींहि त्याच पुष्कळ घालतात. तेव्हां तासन्‌तास कुडकुडून मिळालेलें सर्वांत मोठें धूडच लाटेंत परत सोडावें लागतें. मीं वर्षानुवर्षें मुलांना संयम शिकविला. परंतु याहून चांगला धडा मला क्रमिक पुस्तकांत आढळला नाहीं.