रक्तगटापासून डीएनएच्या अक्षरापर्यंत

मानवी डीएनएमधील भेद ओळखण्याच्या प्रयोगशालेय पद्धतींचा ऊहापोह करण्यासाठी संशोधक, तंत्रज्ञ व विद्यार्थी लालबाग येथे जमले आहेत. या विषयाचे गिरणगावाशी जुने नाते आहे. शेजारच्या परळमध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जो ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला, तो नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटासारखाच दिसतो. परंतु ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा ज्यावर उभ्या राहतात ते ‘एच’ प्रतिजनच त्याच्या तांबड्या पेशींवर नसते आणि म्हणून अशा रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. रक्तद्रवाच्या चाचणीने दाखवलेल्या या वेगळेपणाचे कारण चार दशकांनंतर एफयूटी-१ या जनुकात सापडले. भारतीय व्यक्तींमध्ये तेथे बहुधा ७२५व्या स्थानी थायमिनऐवजी ग्वानिन आलेले असते.

असा बदल कोणत्या पद्धतीने हुडकावा, हे त्या बदलाच्या जातीवर ठरते, आणि पद्धत नवी की जुनी यापेक्षा हीच गोष्ट अधिक महत्त्वाची मानावी लागेल. बीटा थॅलेसेमियाच्या भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या उत्परिवर्तनात एकच अक्षर बदललेले असते. ते शोधताना दोन नळ्यांत डीएनएचे दोन वेगळे प्रारंभक, म्हणजे प्रायमर, घेतात. एकाचे शेवटचे अक्षर मूळ क्रमाशी जुळते, दुसऱ्याचे बदललेल्या क्रमाशी. जेथे ते जुळते तेथेच पीसीआरमध्ये असंख्य प्रती तयार होतात आणि जेलवर अतिनील प्रकाशात पट्टा उजळतो. वाहकाच्या नमुन्यात तो दोन्हीकडे दिसतो. याच आजारात ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला असेल, तर गळालेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावले म्हणजे पुरते. आखूड झालेला खंड जेलवर पुढे धावतो. १९७७ सालची सँगर पद्धत अक्षर न् अक्षर वाचते खरी, पण जनुकाची एक प्रत मोठ्या प्रमाणावर गळाली असता ती शाबूत प्रतच वाचून सारे ठीक असल्याचे दाखवू शकते. तेथे प्रती मोजणारी निराळी तपासणी लागते.

पोटातील गर्भाला असा आजार आहे का हे तपासण्यासाठी गर्भजल नव्हे, तर वारेच्या अंकुरांचा नमुना गर्भारपणाच्या साधारण अकराव्या आठवड्यात घेतला जातो, तेव्हा दांपत्यासाठी प्रत्येक दिवस मोलाचा असतो. तरीही त्यात आईच्या ऊती मिसळलेल्या नाहीत, याची खात्री व्यक्तीगणिक बदलणाऱ्या पुनरावृत्त क्रमांची तुलना करून घेतल्याखेरीज अहवालावर सही होऊ नये, असे स्वागत समितीचे आग्रहाचे मत आहे. पहिले सत्र त्याच चर्चेसाठी राखून ठेवले आहे.