पाडव्यापासून पाडव्यापर्यंत

हातात काम असेल तर ते चालू ठेवा. आम्हीही हे बोलणं लिहून काढलं ते शेंगा फोडता फोडताच.

२०२५ साली पाडवा रविवारी ३० मार्चला आला. दुसऱ्या दिवशी ईद, आणि त्याच दिवशी वर्षअखेर. म्हणजे एका हातात पुरणपोळी, एका हातात शीरखुर्म्याची वाटी आणि मांडीवर गटाची वही. आमच्या गटातल्या एका ताईंनी दोन मोठे डबे भरून शीरखुर्मा पाठवला होता, त्याचे दोन थेंब जमाखर्चाच्या पानावर पडले. लेखापरीक्षण करायला येणारे साहेब विचारतील तेव्हा काय सांगायचं, यावर अर्धा तास हसणं झालं.

हसणं झाल्यावर वही पुढे चाळली आणि ऑक्टोबरच्या पानावर सगळ्याजणी गप्प झालो. एका नावापुढे सलग पाच बैठकांना ‘गैरहजर’ असं लिहिलं होतं. अक्षर आमचंच. आज बोलायचंय ते मुख्यतः त्या पाच शब्दांबद्दल. पण वर्ष सुरू झालं तिथून सुरुवात करतो.

त्याच्या आदल्या वर्षीचा पाडवा कुणाला गोड लागला नव्हता. आमचा माण तालुका, पावसाच्या आडोशाचा. त्यात २०२३ चा पावसाळा कोरडाच गेलेला. एप्रिल-मे टँकरची वाट बघण्यात गेला. बैठक ठरलेल्या वेळेला व्हायची नाही, कारण टँकरची वेळ ठरलेली नसायची. बैठक ऐन रंगात आली की लांबून हॉर्न ऐकू यायचा आणि बारा जणींपैकी दहा जणी घागरी घेऊन पळायच्या. उरलेल्या दोघी वयस्कर, त्या कुलपाच्या पेटीवर बसून राहायच्या. वहीत आम्ही लिहायचो, ‘बैठक पार पडली.’

जूनमध्ये पाऊस आला. चांगला आला. बाजरी पेरली, मटकी पेरली, आणि माणसं एकमेकांशी नीट बोलायला लागली. त्याबद्दल याहून जास्त काय सांगायचं, तुम्ही सगळ्यांनी तो पाऊस बघितलाय.

जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. ते दिवस आठवले की अजून बोटं दुखतात. अंगणवाडीच्या ताई आणि आम्ही रात्री रेंज येते त्या देवळाच्या पायरीवर बसून मोबाईलवर अर्ज भरायचो. राखीपौर्णिमेच्या आधी पहिले दोन हप्ते मिळून तीन हजार आले तेव्हा गावात दिवाळीच होती. गटातल्या नऊजणींना आले. दोघींचं वय पासष्टच्या वर, त्यांना बसलं नाही. एकीचे पैसे काही केल्या सापडेनात. तीन वेळा तालुक्याच्या बँकेत जाऊन आलो. शेवटी कळलं, सरकारचे पैसे आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि तिने मधे पोस्टात खातं उघडलं होतं. पैसे तिथे निवांत पडून होते. तुमच्यापैकी कुणाचे असे हरवले असतील तर आधी आठवा, शेवटचं खातं कुठे उघडलं होतं.

त्या पैशाचं काय केलं? एकीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीची साडी घेतली. एकीने दाताची दाढ काढली, चार वर्षं दुखत होती ती. आणि गटाने ठरवलं की महिन्याची बचत शंभरावरून दोनशे करायची. वयस्कर दोघींना आम्ही म्हटलं, तुम्ही शंभरच द्या. त्यांनी ऐकलं नाही. “आमी काय भिकारी हाय व्हय?” म्हणाल्या. दोनशेच भरतात अजून.

मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत आम्ही शेंगदाणा चटणीचं दुकान मांडलं. अन्न परवान्याची शंभर रुपयेवाली नोंदणी केलेली, पाकिटावर लेबल, सगळं रीतसर. फक्त शेंगदाणे घेतले गेल्या हंगामातले, किलोमागे थोडे वाचतात म्हणून, आणि चटणी गरम असतानाच पाकिटं बंद केली. निम्मी पाकिटं खवट निघाली. गिऱ्हाईक परत आलं, पैसे परत द्यावे लागले. याचा दोष कुणावर ढकलता येत नाही, पंचाईत तीच. यंदा नवे दाणे घेऊ आणि चटणी रात्रभर गार होऊ देऊ.

आता त्या पाच शब्दांकडे येतो. जिच्याबद्दल बोलणार तिला विचारलंय. ती म्हणाली, नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा.

मार्चमध्ये, पाणी पार आटलं तेव्हा तिने बोअर मारायचं ठरवलं. गटाकडे तेवढी शिल्लक नव्हती. दारात येणाऱ्या एका कंपनीकडून तिने पन्नास हजार घेतले. बोअर कोरडं गेलं. कंपनीचा हप्ता चुकू नये म्हणून दुसऱ्या कंपनीचे पंचेचाळीस घेतले. मधे आमच्या गटाकडून पेरणीसाठी पंधरा घेतले. आणि ऑगस्टनंतर तिसऱ्या कंपनीचा एक मुलगा दारात आला, म्हणाला, “मावशी, दीड हजार तर तुम्हाला महिन्याला येतातच, हप्ता त्यातूनच निघेल.” तिथे तीस.

यातलं आम्हाला फक्त पंधरा हजार माहीत होते. कर्ज मागायला आली तेव्हा आम्ही विचारलं होतं, कशासाठी. ती म्हणाली, पेरणीसाठी. आम्ही ठरावात लिहिलं, पेरणीसाठी. दुसरीकडचं किती आहे हे कुणी विचारलंच नाही. समन्वयक म्हणून आम्ही गावोगाव दशसूत्री शिकवत फिरतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, वही चोख, मग आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत, योजना, उपजीविका. दहाही बोटं मोजून होतात. पण शेजारी बसलेल्या बाईच्या डोक्यावर किती ओझं आहे ते विचारायला आमच्याकडे बोट उरलं नव्हतं.

गणपतीनंतर ती यायची बंद झाली. गटाचे तीन हप्ते थकले. त्याच वेळी आमचं बँकेच्या कर्जाचं प्रकरण चाललं होतं. तीन लाखांपर्यंत सात टक्के व्याजाने मिळतं हे तुम्हाला माहीत आहेच. पण बँक आधी वही बघते, आणि वहीत थकबाकी दिसली की साहेबांचा चेहरा बदलतो. गटात कुजबुज सुरू झाली. एकीमुळे अकराजणींचं नुकसान का? दिवाळी झाल्यावर, निवडणुकीची गडबड चालू असताना, आम्ही सहाजणी तिच्या घरी गेलो. समज द्यायला, असं आपसात म्हणत होतो.

ओट्यावर बसलो. सासूने चहा टाकला. नववीतली मुलगी दार अर्धवट धरून उभी राहिली आणि म्हणाली, आई घरात नाही. आतून बांगड्यांचा आवाज येत होता. आम्ही उठलो नाही. “बसतो की मग, येईल,” म्हटलं. थोडा वेळ गेला. मग त्या मुलीने विचारलं, “मावशी, तुमचा वार कंचा?”

आम्हाला आधी कळलंच नाही. मग उमगलं. मंगळवारी एक कंपनी येते, गुरुवारी एक, शनिवारी एक. सगळे असेच ओट्यावर बसतात. बायका असतात, पुरुष असतात, हातात वही असते. तिने आम्हाला लहानपणापासून बघितलंय, गटाच्या हळदीकुंकवाला वाण घेऊन गेलीय. तरी तिने विचारलं, तुमचा वार कंचा.

चहा तसाच ठेवून आम्ही निघालो. वाटेत कुणी बोललं नाही.

पुढची बैठक तीन तास चालली. ती बैठक आम्ही वहीत नीट लिहिलेली नाही. दोघी ठाम होत्या, नियम म्हणजे नियम, आज तिला सवलत दिली तर उद्या सगळ्या मागतील. हे खोटं नाही. गट उभा राहिला तो त्या दोघींच्या असल्याच कडकपणामुळे. त्यातली एक तर पहिल्या दिवसापासूनची, दहा रुपये बचतीच्या काळातली. बाकीच्यांचं म्हणणं, आधी तिचं एकूण किती आहे ते तरी बघू.

दुसऱ्या दिवशी आमच्या कोषाध्यक्ष काकी एकट्याच तिच्याकडे गेल्या. वही नेली नाही. निवडायला म्हणून मटकी नेली. दोघींनी मिळून मटकी निवडली आणि मग तिने कपाटातून तिन्ही कर्जांची कार्डं काढून पुढ्यात ठेवली. मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. घरात महिन्याला येणार अकरा हजार, तेही नवऱ्याने पुण्याहून पैसे पाठवले तर. कंपन्यांचे हप्ते साडेसहा हजार.

रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की, अशा छोट्या कर्जांत घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. हा २०२२ पासूनचा नियम. म्हणजे तिसरं कर्ज तिला द्यायलाच नको होतं. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर त्रास द्यायचा नाही, हाही नियम. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. कर्जाची सगळी माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत कागदावर द्यावी लागते. कंपनीने ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा तक्रारीचा नंबर १४४४८. लिहून घ्या, आम्ही थांबतो. एक, चार, चार, चार, आठ.

एक मुलगा रात्री आठला यायचा. एके दिवशी आम्ही चौघी आधीच जाऊन ओट्यावर बसलो. त्याला सहाचा नियम सांगितला. तो बिचारा विशीतला, त्याच्यावरही वरून दाब असणारच. पण रात्रीचा यायचा बंद झाला. सगळ्यात लहान कर्जाचे बावीस हजार राहिले होते, ते गटाने तिला देऊन फेडून टाकले. तिथे आधी दंड सांगितला होता, नियम दाखवल्यावर सांगेनासे झाले. गटाचा जुना हप्ता चार महिने थांबवला, तसा ठराव केला.

इथे एक खरं सांगायला हवं. आमच्या गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस. कंपनीचंही साधारण तेवढंच पडतं. व्याजात तिची सुटका झाली असं कुणी म्हणू नये. फरक एवढाच की हे व्याज पेटीत येतं, त्यात तिचाही वाटा असतो. आणि आमचा हप्ता एखाद्या महिन्यात राहिला तर ती तो बैठकीत सांगू शकते. हे व्याज दीडवर आणायचं का, ही चर्चा मात्र अजून संपलेली नाही.

डिसेंबरपासून ती येते. दोन कंपन्यांचे हप्ते अजून वर्षभर आहेत. बँकेचं आमचं प्रकरण थकबाकीमुळे एकदा परत आलं, आता पुन्हा दिलंय. आणि त्या दोघींनी जानेवारीत गट सोडला.

आता कर्ज मागणाऱ्या बाईला आम्ही बाहेरचं कर्ज विचारतो. पहिल्यांदा भर बैठकीत विचारलं, तर चौघींनी ‘काही नाही’ सांगितलं, आणि त्यातल्या दोघींचं होतं. सगळ्यांपुढे कोण सांगेल? म्हणून हे काम आता काकींकडे आहे. त्या घरी जाऊन विचारतात. मटकी नसेल तेव्हा लसूण नेतात.

सोडून गेलेल्या दोघींची बचत आणि नफ्याचा वाटा आम्ही हिशेबासकट पाकिटात घालून पोहोचवला. एकीने घेतला. पहिल्या दिवसापासूनच्या होत्या त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. “राहू दे तिथंच,” एवढंच म्हणाल्या. ते पाकीट पेटीत आहे. ३१ मार्चला शिल्लक मोजताना आम्ही ते वेगळं ठेवलं, वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना.

येत्या गुरुवारी बैठक आहे. आदल्या दिवशी त्यांच्याकडे जायचं ठरलंय. सहाजणी नाही, एकच जण. ती म्हणाली, मीच जाते.