आमच्या रविवारच्या हरकती
(सुवर्णमहोत्सव समारंभातील भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस सांगितले की, ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या, वैद्यकीय मदत, वह्यावाटप या विषयांवर बोलणारे वक्ते ठरले आहेत. उरली ती रविवारची सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा. ती ज्यांनी इतकी वर्षे चालविली त्यांनीच तिची हकीकत सांगावी. हकीकत म्हणजे काय, तर भांडणांची यादी! तेव्हा तीच आपल्यापुढे ठेवतो. भांडणे गोडीची होती. एकाच मात्र प्रकरणात आमची चूक होती. तिच्याकडे शेवटी येऊ.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी खानदेशातली. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या वाटेने अमळनेर, नंदुरबारकडून कोणी मागांवर, कोणी गिरणीत, कोणी नोकरीसाठी सुरतेस आले. आठवडाभर खटखट ऐकून रविवारी सकाळी माणसाला चार शब्द बोलावेसे वाटतात, म्हणून ही प्रश्नमंजुषा सुरू झाली. दहा प्रश्न, दहा कार्डे. कार्डाच्या पाठीवर उत्तर. वर्षाअखेर ज्या विद्यार्थ्याचे गुण सर्वांत अधिक, त्याला पुढील इयत्तेची सगळी पुस्तके ट्रस्टकडून. दोघांचे गुण सारखे झाले तर बक्षीस निम्मे निम्मे. नियम एकच कडक: कार्डावरचे उत्तर अखेरचे.

हा नियम आम्हीच केला होता, आणि आम्हांला त्याचा अभिमानही होता. पण कार्ड लिहिणारा माणूसच असतो. शिवाय ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’, ‘राष्ट्रीय’ असे शब्द प्रश्नात आले की भांडण उंबरठ्यावर येऊन उभेच राहते. भारतातील पहिली आगगाडी कोणती? बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३. सगळा वर्ग एका सुरात ओरडला. मागच्या बाकावरून रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उठले, म्हणाले, “उतारूंची म्हणा. दगड वाहणारी गाडी मद्रासेस रेड हिल्सपाशी १८३७ साली धावली होती.” कार्डावर ‘उतारूंची’ हा शब्द नव्हता. पहिला भारतीय चित्रपट? दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३. त्यावर दुसरे उठले: “आणि दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’? १८ मे १९१२!” फाळक्यांचा पक्ष म्हणे, ते रंगभूमीवरच्या नाटकाचे नुसते चित्रण, कॅमेऱ्यामागे इंग्रज आणि फिल्म धुवायला लंडनला गेलेली. तोरण्यांचा पक्ष म्हणे, मग काय झाले, पडद्यावर दिसले ना? दोन्ही पक्षांना दादासाहेबच मिळाल्याने नुसते ‘दादासाहेब’ म्हणून कोणाचेच काम भागेना. चहा थंड झाला.

सुरतेत ‘लोचो’ खातातही आणि लोचा होतोही. काँग्रेसच्या सुरत अधिवेशनाचा प्रश्न काढला की तो हटकून होई. डिसेंबर १९०७. अधिवेशन मुळात नागपूरला व्हावयाचे, ते हलवून येथे आणले. रासबिहारी घोष नियोजित अध्यक्ष. २७ तारखेस टिळक बोलावयास उभे राहिले, गोंधळ माजला आणि मंडपातून एक जोडा व्यासपीठावर आला. प्रश्न साधा होता: जोडा कोणाला लागला? एकाने लिहिले सुरेंद्रनाथ बॅनर्जींना. दुसऱ्याने लिहिले फिरोजशहा मेहतांना. कार्डावर मेहतांचे नाव. बॅनर्जींच्या पक्षाने तीन रविवार पिच्छा पुरविला. शेवटी नेव्हिन्सन नावाच्या इंग्रज पत्रकाराने डोळ्यांनी पाहून लिहिलेले वर्णन कोणीतरी पैदा केले. जोडा सुरेंद्रनाथांच्या गालावर लागला आणि तेथून उसळून फिरोजशहांवर गेला! दोन्ही पक्ष बरोबर. वर जोडा लाल चामड्याचा, टोकदार, मराठी घडणीचा होता असेही त्यात निघाले. आमच्या वर्गाला येणारे एक गुजराती स्नेही, निवृत्त मास्तर, एवढेच म्हणाले, “फेकणारा कोण ते समजले नाही, पण जोडा कोणत्या गावचा ते समजले. बस्स.” त्या दिवशीचा हशा अजून कानात आहे.

हेच मास्तर शिवाजी महाराजांच्या प्रश्नाला शब्दावरून हरकत घेत. आमच्या कार्डांवर ‘सुरतेवरील स्वारी’ असे. ते म्हणत, “तुमच्या पाच पिढ्या स्वारी म्हणोत, आमच्या गल्लीत तिला लूटच म्हणतात. विरजी व्होराच्या वाड्याला विचारा.” आम्ही म्हणू, मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरावरचा तो घाव होता, शाहिस्तेखानाने उजाड केलेल्या मुलखाची ती भरपाई होती. ते म्हणत, भरपाई खरी, पण बिल आमच्या नावावर का? हा वाद मिटला नाही, आणि मिटावा अशी कोणाची इच्छाही नव्हती. मास्तर हयात होते तोवर चंदी पडव्याला त्यांच्याकडून आम्हांस घारी येई आणि हिवाळ्यात आमच्याकडून त्यांच्याकडे वांग्याचे भरीत जाई.

आता मुख्य प्रकरण. २००६ सालच्या जानेवारीतली अखेरची फेरी. आठव्या इयत्तेतली एक मुलगी आणि नववीतला एक मुलगा यांचे गुण अगदी बरोबरीने चाललेले. मुलीचे वडील मागावर, बिऱ्हाड लिंबायतेकडे खाडीच्या काठी. नाव सांगत नाही. तिने तसे कळविले आहे. शेवटचे कार्ड आम्ही वाचले: शिवाजी महाराज प्रथम सुरतेस कोणत्या तारखेस आले? मुलाने लिहिले, ६ जानेवारी १६६४. मुलीने लिहिले, १६ जानेवारी १६६४. कार्डावर ६ होते. मुलगा एका गुणाने जिंकला.

मुलगी उभी राहिली. म्हणाली, “काका, माझे पण बरोबर आहे.” आम्ही म्हणालो, बाळ, कार्डावरचे उत्तर अखेरचे. ती म्हणाली, “इंग्रजांचे कॅलेंडर तेव्हा दहा दिवस मागे होते, आमच्या बाईंनी सांगितले.” मंडळी हसली. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. तिने एक चिठ्ठी पुढे केली. आम्ही ती न वाचता वहीत ठेवली आणि पुस्तकांचा गठ्ठा मुलाच्या हाती दिला. त्यात त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. पुढच्या रविवारपासून मुलगी आली नाही.

ऑगस्टात पूर आला. उकाईतून सोडलेले पाणी शहरात शिरले, ते दिवस येथे बसलेल्यांपैकी कोणाला सांगावयास नकोत. ट्रस्टच्या खोलीत खालच्या फळीपर्यंत पाणी चढले. चिखल काढून झाल्यावर आम्ही वह्या गच्चीवर वाळत घातल्या. योगायोग असा की, त्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, प्राग येथे ज्योतिर्विदांच्या परिषदेने प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठविले. ओल्या कार्डांत एक कार्ड होते: ‘सूर्यमालेत ग्रह किती? नऊ.’ शाई फुटली नव्हती, अक्षर शाबूत होते, आणि उत्तर चूक झाले होते. ते कार्ड हातात धरून आम्ही बराच वेळ गच्चीवर बसलो. त्याच वहीत ती चिठ्ठी निघाली.

पेन्सिलीने लिहिलेली असल्याने ती पाण्यातही टिकली होती. मुलीने काय केले होते ते सांगतो. सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलिऑट याने त्या स्वारीचे वर्णन पत्रात लिहिले आहे. त्यात म्हटले आहे की, मंगळवारी, ५ जानेवारीस, गावात बोंब उठली आणि बुधवारी, ६ तारखेस, महाराज गावाबाहेरच्या बागेपाशी येऊन उतरले. आता आजची कालगणना मागे नेऊन पाहावी. दर चारशे वर्षांनी वार पुन्हा जुळतात, म्हणजे १६६४ चे वार ते २०६४ चे. दर अठ्ठावीस वर्षांनीही जुळतात, म्हणजे २०६४ मधून चौऱ्यांशी वजा केले की १९८०. चिठ्ठीच्या तळाशी तिने लिहिले होते: “१९८० चे कॅलेंडर बघा. ६ जानेवारीला रविवार येतो. बुधवार १६ ला येतो.”

१९८० चे कॅलेंडर आता कोठे मिळावयाचे? पण ट्रस्टचा त्या सालचा रोजमेळ वरच्या फळीवर कोरडा राहिला होता. आम्ही काढला. पान उघडले: बुधवार, १६ जानेवारी १९८०. जमा इतकी, खर्च इतका, सही. आपल्याच संस्थेच्या वहीने आपल्याच कार्डाला अपुरे ठरविले होते.

बाईंनी तिला सांगितले ते सगळे खरे होते. इंग्रजांनी नवे कॅलेंडर १७५२ साली घेतले. तोवर त्यांची तारीख मागेच राही. त्यांचे नवे वर्षही २५ मार्चला लागे, म्हणून त्यांच्या कागदांत ही स्वारी १६६३ च्या जानेवारीत पडते. म्हणजे त्या दिवशी कोणी ‘१६६३’ असे उत्तर दिले असते, तर त्यालाही चूक म्हणता आले नसते. ६ तारीखही बरोबर, १६ तारीखही बरोबर. चूक होती ती कार्ड लिहिणाराची: प्रश्नात कोणती कालगणना हे लिहिलेच नव्हते.

आम्ही तिच्या घरी गेलो. चाळीत छातीएवढ्या पाण्याची रेघ भिंतीवर उमटलेली. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे वाहून गेले, मंडळी गावी गेली. पत्ता मिळावयास दिवाळी उजाडली.

विश्वस्तांच्या सभेत आम्ही सगळे सांगितले. तेथेही वाद झालाच, पण त्यातून दोन ठराव निघाले. एक, ‘कार्ड अखेरचे’ हा नियम रद्द. ज्याला हरकत असेल त्याने पाच रुपये पेटीत टाकावे आणि पुरावा पुढच्या रविवारी आणावा. हरकत खरी ठरली तर पैसे परत, नाही तर ते वह्यांच्या निधीत. ही पेटी इतकी चालली की वह्यावाटपाचा थोडा भार तिनेच उचलला. विशेषतः २०१२ साली, लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारले आणि सरकारने उत्तर दिले की हॉकी हा राष्ट्रीय खेळ म्हणून कधी जाहीरच झालेला नाही, तेव्हा आपल्याकडची निम्मी वडील मंडळी पाच-पाच रुपये हरून बसली. २०२० च्या डिसेंबरात एव्हरेस्टची उंची ८८४८ मीटरवरून ८८४८.८६ वर गेली, तेव्हाही दशांशासाठी लोकांनी पैसे टाकले.

दुसरा ठराव असा की, त्या मुलीला त्या वर्षाच्या पुस्तकांची पूर्ण किंमत पाठवावी. आम्ही मनीऑर्डर केली, सोबत पत्र लिहून चूक कबूल केली. महिन्याभराने मनीऑर्डरनेच निम्मी रक्कम परत आली. कुपनावर बारीक अक्षरात मजकूर होता: “काका, त्या मुलाचे उत्तर पण बरोबर होते. म्हणजे गुण सारखे झाले. मग नियमाप्रमाणे बक्षीस निम्मे. उरलेले ट्रस्टचे.”

आम्ही पुन्हा पाठविले. लिहिले की, मुलाला दिलेला गठ्ठा आता निम्मा परत घेता येत नाही, तेव्हा तुझे नुकसान पूर्ण ट्रस्टने सोसले पाहिजे. ती रक्कमही परत आली. या वेळी एकच शब्द होता: “हरकत.” आणि सोबत पाच रुपये जास्त!

मुलगी पुढे शिकली, आता खानदेशात शाळेत शिकवते. या समारंभाचे निमंत्रण तिला गेले आहे. ती निम्मी रक्कम आणि ते पाच रुपये आजतागायत ट्रस्टच्या हिशेबात ‘अनामत’ या खात्यावर पडून आहेत. दर वर्षी हिशेबतपासनीस विचारतात, ही अनामत कोणाची, ती निकालात का काढीत नाही? दर वर्षी आम्ही उत्तर देतो की, वाद चालू आहे. यंदाही त्यांनी विचारले आहे.