मुलाखत म्हणजे भेट

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेत झालेले भाषण)



ज्युबिली समितीची मला आज्ञा झाली ती अशी, की मुंबईस शिकत असता महाविद्यालयाच्या नभोवाणीवर तू तीन वर्षे घालविलीस, नटांच्या व गायकवादकांच्या मुलाखती घेतल्यास, त्याचा वृत्तान्त येथील तरुणांस सांग. वडिलांची आज्ञा मोडवत नाही म्हणून उभी राहिले आहे. परंतु आरंभीच सांगून ठेवते, की अमकी नटी जवळून कशी दिसते हे ऐकण्यास जे कोणी आले असतील त्यांची निराशा होईल. जवळून सगळीच माणसे थकलेली दिसतात.

नभोवाणी आपल्या किनाऱ्यास नवी नाही. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. मध्यम लहरींचा आवाज समुद्रावरून दूरवर जातो, म्हणून हवामानाचा इशारा ऐकण्यासाठी होडीत रेडिओ बाळगण्याची चाल आपल्या नाखवांमध्ये पुष्कळ वर्षे होती. विद्यार्थ्यांची स्वतःची नभोवाणी मात्र अगदी अलीकडची. आकाशवाणीने १९६९ साली दिल्लीस ‘युववाणी’ सुरू करून तरुणांस मायक्रोफोनपुढे बसविले खरे, तथापि किल्ली सरकारच्याच कमरेस राहिली. पुढे १९९५ साली वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांस आपापले लहान केंद्र काढण्याची मुभा मिळाली. आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र बोलू लागले. पुणे व मुंबई विद्यापीठांची केंद्रे त्यामागून आली.

ह्या केंद्रांचा जोर फार थोडा. शंभर वॅटचा त्यांचा आवाज साधारणतः दहाएक किलोमीटर जातो, म्हणजे रेवदंड्याहून सोडला तर अलिबाग गाठावयाचा नाही. त्याहूनही मोठी अट दुसरीच. असल्या केंद्रास स्वतः बातम्या गोळा करून देण्यास मनाई आहे. संप, निवडणूक, लाचलुचपत यांविषयी विद्यार्थ्याने चकार शब्द काढावयाचा नाही. मग तो बिचारा करणार काय? गाणी लावणार, नाटकासिनेमाचे वर्तमान सांगणार आणि कलावंतांस बोलते करणार. आमची तरुण मंडळी करमणुकीच्याच मागे लागतात अशी तक्रार वडीलधाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. ह्या बाबतीत तरी दाराचा दुसरा अर्धा भाग कायद्यानेच बंद करून ठेवला आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

ह्या करमणुकीच्या धंद्यात विद्यार्थिदशेतच शिरून जो पुढे सर्वांहून मोठा झाला, त्याची हकीकत सांगितल्यावाचून माझी पुरी व्हावयाची नाही. अमीन सायानी यांचे नाव येथील आजोबाआजींस सांगावे लागणार नाही. त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईचा. आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईसच ते वारले. वडील बंधू हमीद हे इंग्रजी निवेदक. त्यांच्या बोटास धरून धाकटा भाऊ लहानपणीच स्टुडिओत शिरला. पुढे तो जेज्वीट धर्मगुरूंनी चालविलेल्या सेंट झेवियर महाविद्यालयात दाखल झाला. त्या सुमारास लंकेच्या केंद्रासाठी, म्हणजे रेडिओ सिलोनसाठी, जाहिरातदारांचे हिंदी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत असत. त्यांपैकी एका कार्यक्रमात ह्या विद्यार्थ्यास ओव्हल्टिनची जाहिरात वाचण्याचे काम मिळाले. त्याचे वेतन काय, तर आठवड्यास ओव्हल्टिनचा एक लहान डबा! ही गोष्ट ते स्वतः मोठ्या गमतीने सांगत.

१९५२ साली ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली तेव्हा ते अवघे वीसएक वर्षांचे होते. संहिता लिहावी, निवेदन करावे, पत्रे मोजावी, ह्या सर्व कामाचे आठवड्यास २५ रुपये. जुनी जाणती मंडळी इतक्या थोड्या पैशात हे करावयास तयार नव्हती म्हणून पोरास काम मिळाले, अशी त्यांचीच आठवण आहे. पहिल्या खेपेस नऊ हजार पत्रे आली. पुढे वर्ष दीड वर्षात हा आकडा आठवड्यास पासष्ट हजारांवर गेला. त्याच १९५२ सालापासून नभोवाणीचे मंत्री असलेल्या बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरील चित्रपटसंगीतास जवळजवळ बाहेरचा रस्ता दाखविला होता, म्हणून सारा देश लंकेकडे कान लावून बसू लागला. सरकारास चूक उमजून ‘विविध भारती’ निघाली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी.

आता मला यातून काय दिसते ते सांगते. सायानींचा आवाज गोड होता, यात वाद नाही. पण गोड आवाजाची माणसे मुंबईत पैशाला पासरी मिळतात. त्यांची खरी शिदोरी घरातली होती. त्यांच्या मातोश्री कुलसुम सायानी ह्या नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवीत. मजकूर एकच, सोप्या हिंदुस्थानीतला. लिप्या तीन – नागरी, उर्दू व गुजराती. आईच्या ह्या कामास हातभार लावता लावता मुलास कळले, की नुकताच अक्षरे जुळवावयास शिकलेला हमाल ज्या वाक्यावर अडखळतो ते वाक्यच सदोष होय. करमणुकीच्या कार्यक्रमात त्यांनी वापरलेली भाषा ती हीच, प्रौढशिक्षणाच्या वर्गातली. शिवाय भाइयों और बहनों म्हणण्याची सर्वांची रीत मोडून त्यांनी बहिणींस आधी हाक मारली. साबणाची व दंतमंजनाची जाहिरात करणाऱ्या माणसाने ऐकणाऱ्याचा इतका मान ठेवावा, ही गोष्ट मला कोणत्याही चांगल्या प्रवचनाइतकीच विचार करण्याजोगी वाटते.

आमच्या वेळी काळ फिरलेला होता. नवा चित्रपट निघावयाचा असला, की प्रसिद्धीचे काम पाहणारा गृहस्थ आम्हां विद्यार्थ्यांस हॉटेलात बोलावी. तेथे एका खोलीत नट बसलेला, बाहेर ओळीने बाके मांडलेली, आणि प्रत्येकास सात मिनिटे. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखेच ते. विचारण्याजोग्या प्रश्नांचा कागद हातात देण्यात येई, आणि न विचारण्याजोगे तोंडी सांगण्यात येत. सकाळपासून नटाने तीच उत्तरे वीस वेळा दिलेली असत. एकविसाव्या वेळी तो ती देई तेव्हा त्याचे डोळे माझ्याकडे नसून दरवाजाकडे असत. मला त्याची कीव येई. आमच्या केंद्रास तिकिटविक्रीशी काही कर्तव्य नव्हते, जाहिरातदाराची भीती नव्हती. तरी आम्हीही मुकाट्याने तोच कागद वाचावा अशी अपेक्षा होती. मी तो घडी घालून पिशवीत ठेवी आणि विचारी, की आज येथे येण्यापूर्वी आपण काय खाल्लेत? हा प्रश्न वास्तविक आवाजाची पातळी जुळविण्यासाठी सगळेच विचारतात व उत्तर फेकून देतात. परंतु सात मिनिटांतले तेवढेच उत्तर कोणी शिकवून पाठविलेले नसे. एका प्रसिद्ध विनोदी नटाने त्यावर आपल्या आईच्या हातच्या सुक्या जवळ्याचे असे वर्णन केले, की बाहेर उभा असलेला प्रसिद्धीवालाही आत येऊन ऐकत राहिला.

मुलाखत हा शब्द आपल्याकडे अरबीवरून फारसीच्या वाटेने आला आणि त्याचा मूळ अर्थ भेट एवढाच आहे. हॉटेलातल्या त्या सात मिनिटांस काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

भेट मला घडली ती दुसरीकडे. धोबीतलावावर जेर महाल म्हणून जुनी इमारत आहे. गोव्याकडील गावागावांच्या कूड, म्हणजे नोकरीसाठी मुंबईस आलेल्या गाववाल्यांची सामायिक बिऱ्हाडे, तेथे आहेत. हिंदी चित्रपटांच्या संगीताचा फार मोठा भार गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी वाहिला. देवळाच्या शाळेत, पाद्रीबाबांच्या हाताखाली स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेली ही मुले मुंबईस आली. तेथील संगीत दिग्दर्शकास चाल सुचे, पण पन्नास वाद्यांसाठी ती कागदावर मांडणार कोण? ते काम ह्यांचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे गुरू. शिष्याने त्यांचे नाव १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटातील गाण्यात गुंफले, तेव्हा ते नाव देशभर झाले, पण त्या नावाचा माणूस खरोखरीच आहे हे कितीजणांस ठाऊक होते? सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना वर्षानुवर्षे केली. तबकडीवर गायक असे, संगीतकार असे, चित्रपट असे, हे नसत. गीतकाराचे नाव आकाशवाणीने सांगावे म्हणून साहिर लुधियानवी भांडले व त्यास यश आले. वादकांसाठी भांडणारा साहिर निपजला नाही. न्यूझीलंडहून ग्रेगरी बूथ नावाचे अभ्यासक येऊन ह्या म्हाताऱ्या वादकांस भेटले, आणि २००८ साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा कोठे हा पडदा उचलला गेला.

अशाच एका वृद्ध व्हायोलिनवादकाकडे मी गेले. नाव सांगण्याची त्यांची अनुज्ञा नाही. पहिला अर्धा तास व्यर्थ गेला म्हणावयास हरकत नाही. अमक्या गायिकेविषयी सांगा म्हटले, की ते म्हणत, फार मोठ्या. तमक्या संगीतकाराविषयी विचारले, तर तेही फार मोठे. मग मी विचारले, की बाबा, ध्वनिमुद्रणाचे पैसे हाती कसे पडत? ते सावरून बसले. कोणत्या स्टुडिओत रोख मिळत, कोठे चिठ्ठी घेऊन चार खेपा घालाव्या लागत, पहिल्या रांगेत बसणाऱ्यास किती व मागच्यास किती, रात्रपाळी झाल्यावर शेवटची गाडी चुकली तर व्हायोलिन उशाशी घेऊन फलाटावर कसे निजत. दीड तास ते बोलत होते. मध्येच थांबून म्हणाले, हे आजवर कोणी विचारले नव्हते. मोठ्या माणसांविषयी विचारण्यास पुष्कळजण येऊन गेले होते. ही मुलाखत आमच्या केंद्रावरून दोन भागांत गेली. ऐकणारे किती होते याचा हिशेब नाही. एकाही वर्तमानपत्राने दखल घेतली नाही, पण त्यांच्या कूडमधील मंडळींनी रेडिओभोवती बसून ती ऐकली व मला निरोप पाठविला, की म्हातारा दोन दिवस टोपी घालून हिंडत होता.

कोर्लईचे नाव येथे काढण्यास तरुण मंडळी हसतील, की मुंबईची करमणूक सोडून ही गावात कशी आली. मला त्यात अंतर दिसत नाही. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले; कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी मात्र त्यांच्या भाषेपासून निपजलेली एक निराळी बोली राहिली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. ती बोलणारे हजाराच्या आसपास असतील. तीत गाणी आहेत, लग्नात म्हणावयाची आहेत, कामाच्या वेळची आहेत. येथेही आधी आले ते परदेशचेच पंडित. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी अमेरिकेहून येऊन गावकऱ्यांस बोलते केले आणि १९९६ साली ह्या भाषेवर ग्रंथ लिहिला. त्यांचे उपकारच आहेत. परंतु पंडितास व्याकरण हवे असते. क्रियापद कोठे येते ते त्यांनी टिपले. ते वाक्य बोलणारी आजीबाई तरुणपणी कोणते गाणे म्हणत मासळी निवडीत असे आणि कोणते गाणे तिला आवडत नसे, हे विचारण्याचे काम तिच्या नातवंडांचे.

आणि हे फक्त कोर्लईपुरते नाही. चौल, रेवदंडा, अलिबाग येथील घराघरांत बँडवाले होते, चर्चमध्ये सोप्रानो म्हणणाऱ्या बाया होत्या, नाताळच्या नाटकात राजा होणारे गृहस्थ होते. ही आपली करमणूक. हिचा बातमीदार कोणी झालाच नाही, कारण ह्या गोष्टीस बातमी म्हणावे असे कोणास वाटले नाही. कायदाही येथे आड येत नाही, हे लक्षात ठेवा. ज्या कायद्याने विद्यार्थ्यांस राजकारणाच्या बातम्या नाकारल्या त्याने गाण्याची, नाटकाची, सणावाराची मुभा ठेवली आहे. केंद्र नसले तरी अडत नाही. तुम्हां प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत आमच्या त्या स्टुडिओहून चांगले यंत्र आहे.

समितीने वीस वृद्धांची यादी केली आहे, ती सभेनंतर सचिवांकडे मिळेल. दोघादोघांनी जावे, एकाने बोलावे, दुसऱ्याने यंत्र पाहावे. ज्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येईल असा प्रश्न विचारू नये. म्हातारे माणूस गप्प झाले, तर लगेच दुसरा प्रश्न घालू नये; दहा अंक मनात मोजावे, बहुधा सातव्या अंकास ते पुन्हा बोलू लागते. हं हं करू नये, मान हलवावी. मासळीबाजाराच्या वेळी कोणाकडे जाऊ नये, दुपारी तीननंतर जावे. आणि बसल्याबरोबर पंखा बंद करावयास सांगावे. उकडेल; पण पंख्याची घरघर यंत्रात माणसाच्या आवाजाहून आधी उतरते, आणि ती मागाहून नीटशी काढता येत नाही.