कोकण राहिलं तर राहू द्या



दिवाळीची सुटी जवळ आली की विदर्भातल्या घराघरांत कोकणाचा विषय निघतो. मग गाडीभाडं, हॉटेल, चौघांचं जेवण असा हिशेब मांडता मांडता बेत उन्हाळ्यावर जातो आणि उन्हाळ्यात लग्नं येतात. लाटांचाच हट्ट नसेल, डोळे भरून पाणी आणि भोवती डोंगर एवढं पुरत असेल, तर अर्जुनी मोरगाव तालुक्यात आपला नवेगाव बांध आहे.

हे तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं, असं सांगतात. भोवतीच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. पाटलांचा पुढे देव झाला. कोलासुर म्हणून त्यांची पूजा होते. पाटबंधारे खात्यातल्या कुणाला हे भाग्य लाभल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

जायचं कसं? मुंबईहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस गोंदियापर्यंत येते. तिथून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर धरायची आणि देवलगावला उतरायचं. नागपूरकरांना साकोलीवरून एसटीही सोयीची. खिशाला खरी चाट बसते ती जंगल सफारीत. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. पण पैसे मोजले म्हणून वाघ दर्शन देतोच असं नाही. माझं ऐकाल तर पहिल्या खेपेला वाघाचा नाद सोडा आणि पहाट तळ्याला द्या.

डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या आधी पाळीवर जाऊन बसा. गडद रंगाचे कपडे, कानटोपी, आणि चौघांत एक दुर्बीण असली तरी भागतं. धुकं विरळ झालं की आधी चांदवे दिसतात, काळे कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा. मग शेपटीची लांब टोकदार पिसं मिरवणारी तलवार बदकं. नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मुलांनाही चटकन ओळखता येतात. ढिवर जाळं काढत असतील तर त्यांच्याशी दोन शब्द बोला. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत इथे राहिले, ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं, आणि पाण्यापाखरांची कितीतरी माहिती त्यांना अशाच माणसांकडून मिळाली.

रात्रीची करमणूकही स्वस्तात होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरू लागते आणि गावोगावी नाटकं सुरू होतात, ती थेट होळीपर्यंत. नाटक मंडळ्यांचं माहेर असलेलं वडसा याच रेल्वेमार्गावर आहे. नाटक पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा अंगावर घ्यायला ब्लँकेट न्या.

एक दिवस हाताशी उरला तर गोठणगावकडे वळा. तिथे इटियाडोह धरण आहे, आणि जवळच १९७२ साली वसलेली तिबेटी लोकांची वसाहत, नोर्ग्येलिंग. पताका फडफडत असतात, बुद्धविहार आहे. फक्त एक अडचण आहे. थंडीत तिथली बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. वसाहत गजबजलेली पाहायची तर फेब्रुवारी उलटल्यावर जावं लागतं, आणि तोवर तळ्यावरचे पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात.